चित्राखालची पट्टी

आता सगळं निवळलं आहे. माणसाची नोकरी शाबूत आहे, ताई माझ्याशी नीट बोलते आहे, म्हणून हे सांगायला तोंड उघडतो. महिन्याभरापूर्वी कोणी विचारलं असतं तर मी विषय बदलला असता. पुठ्ठ्याच्या एका चौकोनी भोकापायी एका भल्या माणसाच्या पोटावर पाय येत होता, आणि ते भोक मी स्वतःच्या हाताने कापलं होतं.

ताई म्हणजे माझी थोरली बहीण, माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. मी एकसष्टचा झालो, डोक्यावरचे केस मोजण्याइतके उरले, मुलगी संसाराला लागली, तरी तिच्या लेखी मी छोट्याच. एकतीस वर्षं ती नकाशांच्या कचेरीत होती. मोजणीवाल्यांनी आणलेल्या आकड्यांवरून रस्ते, ओढे, कुंपणं आणि विहिरी शाईने कागदावर उतरवायच्या, हे तिचं काम. रेघ एवढीशी सरकली तरी कोणाच्या तरी स्वयंपाकघरातून रस्ता जायचा, त्यामुळे हात हलवायची सोय नव्हती आणि थापा मारायचीही. प्रत्येक नकाशाच्या खाली बोटभर पट्टी सोडायची. त्या पट्टीत तारीख, प्रमाण, मोजलं कोणी, काढलं कोणी, सगळं लिहायचं. ताई म्हणायची, पट्टी नसेल तर तो नकाशा नव्हे, नुसत्या रेघोट्या.

निवृत्त झाल्यावर कोणी देवाच्या मागे लागतं, कोणी सुनेच्या. ताईला सून नाही, मूलबाळच नाही. भावोजींना जाऊन नऊ वर्षं झाली, आणि देवाशी तिचं बेताचंच. ती झोपलेल्या माणसांच्या मागे लागली. मशीनवर कपाळ टेकून झोपलेला शिंपी, दवाखान्याच्या बाकावर तोंड उघडं टाकून झोपलेली म्हातारी, बसथांब्यावर पुस्तक छातीशी धरून पेंगणारी पोरगी. पोस्टकार्डाएवढा कागद, एक पेन्सिल, जलरंगाचे दोन-तीन हात. जागा माणूस चेहरा धरून बसतो आणि झोपला की सोडून देतो, असं तिचं म्हणणं. मला काही ते पटलेलं नव्हतं, पण चित्रं बघितली की मी वाद आवरता घ्यायचो. त्या म्हातारीच्या चित्रात तर आमची आईच दिसायची.

जुनी सवय अशी की या चित्रांखालीही ती पट्टी सोडायची. बारीक अक्षरात तारीख, वेळ, उजेड कुठून येतो, माणूस कोण, आणि शेवटी दोनच शब्द: उठवले नाही. प्रत्येक चित्राखाली हेच दोन शब्द. मी एकदा म्हटलं, अगं, उठवलं असतंस तर चित्र कोणाचं काढणार होतीस? तिने ब्रश उचलले आणि धुवायला गेली.

आता माझं. मी तीस वर्षं फोटोचा स्टुडिओ चालवला. स्टुडिओ म्हणजे काय, एक पडदा, एक स्टूल, दोन दिवे आणि एक कात्री. शंभरातले नव्वद फोटो पासपोर्टचे. दोन्ही कान दिसले पाहिजेत, खांदे थोडे, बाकी सगळं कात्रीखाली. हात असा बसला होता की फूटपट्टीशिवाय सरळ कापायचो. मग प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आला आणि माझं दुकान बंद पडलं. दुकान गेलं पण जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही. आजही कोणाच्या घरी फोटो दिसला की माझी बोटं त्याच्या कडा शोधतात.

चित्रांनी बिस्किटांचे तीन मोठे डबे भरले तेव्हा माझ्या मुलीने मनावर घेतलं. सुट्टीला आली होती. तिने चाळीस चित्रं निवडून आत्याच्या नावाने ऑनलाइन दुकान उघडून दिलं. दोन महिन्यांत एक चित्र गेलं, तेही तिच्याच मैत्रिणीने भिडेखातर घेतलं. मुलगी फोनवर म्हणाली, बाबा, दुकान उघडून भागत नाही, लोकांना दुकानाची वाट दाखवावी लागते. मग तिने सोशल मीडियावर दोन पेजं काढली. रोज एक चित्र टाकायचं, खाली दोन ओळी लिहायच्या, दुकानाची लिंक द्यायची, लोकांना उत्तरं द्यायची. ताईचा फोन बटणांचा, आणि तिला या कशात रस नव्हता. दुकानाच्या दारात उभं राहून आपलाच माल बघत बसू नये, असं म्हणून तिने हात झटकले. राहिलो मी रिकामटेकडा.

पहिल्या महिन्यात अठरा फॉलोअर झाले, त्यातले तेरा घरचे. एकाने लिहिलं की असली चित्रं माझी चौथीतली मुलगी काढते. मी लगेच लिहिलं, मग तिच्या दुकानाचा पत्ता द्या. मुलीने फोनवर माझी हजेरी घेतली. गिऱ्हाइकाशी भांडायचं नसतं, धन्यवाद म्हणायचं असतं. बायको पलीकडून म्हणाली, जन्मभर लोकांना हसा हसा म्हणत आलात, आता जरा स्वतः हसा. मग शिकलो. पोस्ट सकाळी साडेसातला टाकावी, तेव्हा लोक कामाला निघालेले असतात. ताईचा हात रंग कालवताना दाखवला तर लोक थांबून बघतात. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे फोटो चौकोनी हवा.

इथे माझं घोडं पेंड खायला लागलं. ताईचं चित्र उभट, त्यात खाली ती पट्टी. चौकोनात बसवायचं तर दोन्ही बाजूंना पांढरं सुटायचं आणि चित्र बारकं दिसायचं. मी ताईला विचारलं, पट्टी वगळू का? ती म्हणाली, नको. मी म्हटलं, कोण वाचतंय ते? ती म्हणाली, "वाचो न वाचो. चित्र तिथवर आहे." मी मान हलवली आणि घरी येऊन एका काळ्या पुठ्ठ्यात झकास चौकोनी खिडकी कापली. चित्रावर ती ठेवायची आणि वरून फोटो काढायचा. पट्टी पुठ्ठ्याखाली, चित्र मोठं, कडा सुरेख. ताई पेज बघत नाही, म्हणजे तिला कळायचा प्रश्न नाही. खालच्या दोन ओळी मी माझ्या मनाने लिहायचो. लोकांना त्या आवडायच्या, हे कबूल करायला पाहिजे. सहा महिन्यांत दोन हजार फॉलोअर झाले, आठवड्याला दोन-तीन चित्रं जायला लागली. मी जरा हवेत चालायला लागलो होतो.

ताईच्या घरासमोर, रस्त्यापलीकडे, फर्निचरचं एक गोदाम आहे. निळं फाटक, त्यावर पांढऱ्या रंगात भला मोठा सात आकडा, शेजारी पत्र्याची खोपटी आणि खोपटीत एक लाकडी खुर्ची. रात्री आठ ते सकाळी आठ तिथे जो रखवालदार असतो, त्याची आणि ताईची ओळख तीन वर्षांची. पन्नाशीचा, किरकोळ अंगाचा माणूस, सदरा मात्र कायम इस्त्रीचा. ताई एकटी असते म्हणून तिने घराची दुसरी किल्ली त्याच्याकडे देऊन ठेवली होती. दुकान चालायला लागल्यावर कुरियरवाला लवकर आला तर ताईच्या कागदा-रंगांची पार्सलं त्याच्याच खोपटीत ठेवायचा. रखवालदार ती हातात धरून असा वर यायचा, जणू आत अंडी आहेत.

ताईने त्याचंही एक चित्र काढलं होतं. स्वयंपाकघराच्या खिडकीतून नीट दिसायचा तो. खुर्चीत बसलेला, टोपी मांडीवर, मान एका बाजूला, हनुवटी छातीला टेकलेली, मागे निळं फाटक, त्यावरच्या सात आकड्यासकट. मला ते चित्र फार आवडलं. एका शनिवारी सकाळी पुठ्ठा ठेवला, फोटो काढला आणि खाली लिहिलं: "चोरांनो, हळू पाय टाका, साहेब झोपलेत."

स्वतःच्या विनोदावर मी एकटाच हसलो. दुपारपर्यंत माझ्याबरोबर तीन हजार लोक हसले. संध्याकाळी चित्र विकलंही गेलं. दूरच्या शहरातल्या एका नर्सने घेतलं आणि लिहिलं की मीही रात्रपाळीवाली, हे चित्र मला हवंच. सोमवारी मी ते कुरियरला दिलं. त्या दिवशी आकडा अकरा हजारांवर गेला होता. माणसं एकमेकांना पाठवत होती, आमच्या इमारतीतला असाच, आमच्या कंपनीतले दोन असेच, म्हणून लिहीत होती. मी प्रत्येकाला धन्यवाद म्हणत होतो. मंगळवारी कोणीतरी लिहिलं, अहो, हे सात नंबरचं फर्निचरचं गोदाम, मी तिथूनच कपाट घेतलं. तेही मी वाचलं आणि धन्यवाद म्हटलं. इतका मी उंटावरचा शहाणा.

बुधवारी सकाळी मी ताईकडे पार्सलं बांधत होतो. पावणेदहाला दार वाजलं. रखवालदार होता. हातात पार्सल नव्हतं. त्याने खिशातून किल्ली काढली, रुमालाने पुसली आणि ताईसमोर धरली.

"ही ठेवा बाई. उद्यापासून माझं इथे येणं होईल असं वाटत नाही."

ताईने काय झालं विचारलं. तो सांगायला तयार नव्हता. मग थोडं थोडं करून बोलला. रखवालदार पुरवणाऱ्या कंपनीच्या सुपरवायझरला कोणीतरी चित्र दाखवलं होतं आणि गोदामाच्या मालकालाही. ड्युटीवर झोपणारा माणूस नको, असं मालक म्हणाला होता. उद्या सकाळी दहाला गोदामाच्या कचेरीत बोलावलं होतं, बहुतेक कागदावर सही घ्यायला. त्याने सांगून बघितलं होतं की बदलीचा माणूस वेळेवर येत नाही, तेव्हा आपली वेळ संपल्यावर कधी तरी डोळा लागला असेल. सुपरवायझरने विचारलं, कोणत्या दिवशी? ते त्याला सांगता येईना. बदली तर रोजच उशिरा येते, त्यातला कुठला दिवस चित्रात आलाय हे त्याला काय माहीत. रागावला असता तर बरं वाटलं असतं, पण तो जाताना मला म्हणाला, भाऊ, चित्र मात्र हुबेहूब आहे.

माझ्या तोंडचं पाणी पळालं. ताई खुर्चीत बसली आणि म्हणाली, फोन दाखव. मी दाखवला. तिने चष्मा लावून चित्र बघितलं, माझ्या दोन ओळी वाचल्या, मग बोटाने चित्राच्या खालची कड चाचपली. मला ते बोट अजून दिसतं.

"छोट्या, पट्टी कुठाय?"

मी पुठ्ठ्याचं सांगितलं. सगळं सांगितलं, सहा महिन्यांचं. ताई ओरडत नाही. ओरडली असती तर मीही आवाज चढवून काहीतरी बोललो असतो, भांडण झालं असतं, सुटलो असतो. ती म्हणाली, त्या पट्टीत लिहिलं होतं की त्याची वेळ संपून गेलेली होती. तारीखही होती. मी म्हटलं, मग सांग ना तारीख, आत्ता जाऊन सांगतो. तिने मान हलवली. अडीचशे चित्रं, सगळ्यांच्या तारखा कोण लक्षात ठेवणार? कागदावर लिहिलं की डोक्यातून काढून टाकायचं, हीच तर कचेरीची शिकवण. वसंतातला कुठला तरी दिवस, एवढंच तिला आठवत होतं. माझ्याकडे फोटो होता तो पुठ्ठ्याच्या खिडकीतला. पट्टीचा फोटो जगात कुठेच नव्हता, कारण तो मी काढलाच नव्हता. आणि चित्र कुरियरच्या गाडीत.

नर्सला पेजवरून निरोप पाठवला. तिने तो बघितलाही नाही. दुकानाच्या यादीत तिचा नंबर होता. मी लावायला घेतला तर ताईने हात धरला. म्हणाली, रात्रभर जागलेली असेल, आता झोपली असेल, संध्याकाळी लाव. मी दिवसभर त्या खोलीत येरझारा घातल्या. संध्याकाळी लावला तर बंद. वॉर्डात फोन कपाटात ठेवावा लागतो म्हणे, हे मला नंतर कळलं. कुरियरच्या साइटवर तेवढं मात्र दिसलं की पार्सल त्या संध्याकाळी तिच्या पत्त्यावर पोचलं होतं. मी ती पोस्ट काढून टाकली, पण आता त्याचा काय उपयोग, चित्र माझ्या पेजवरून केव्हाच निघून अकरा हजार खिशांत गेलं होतं. घरी गेलो, जेवलो नाही. बायकोनेही एकदासुद्धा टोमणा मारला नाही, त्यावरूनच माझी अवस्था काय असेल ते समजा.

गुरुवारी साडेनऊला आम्ही दोघं रस्ता ओलांडून गोदामात गेलो. आम्हाला कोणी बोलावलं नव्हतं. कचेरी म्हणजे कपाटांच्या आणि पलंगांच्या मधोमध काचेची एक खोली, तिच्यात विकायला न गेलेल्या चार वेगवेगळ्या खुर्च्या. मालक जाडजूड, सर्दीने बेजार. सुपरवायझर तरुण, हातात कागद तयार. रखवालदार उभा होता. रात्रीची ड्युटी करून घरी न जाता थांबला होता, सदऱ्याची इस्त्री तेवढी मोडलेली.

ताईने सांगितलं की चित्र माझं आहे आणि ते यांची वेळ संपल्यानंतरचं आहे. सुपरवायझरने अगदी नम्रपणे विचारलं, कशावरून? तसं चित्रावर लिहिलंय. मग चित्र दाखवा. चित्र इथे नाही. त्याने मालकाकडे बघून खांदे उडवले. मालक म्हणाला, बाई, तुम्ही भल्या आहात, ओळखीपायी बोलताय, पण उद्या माझं कपाट चोरीला गेलं तर मी चित्र दाखवू का? मी मध्ये तोंड घातलं. चूक माझी आहे, मीच पट्टी झाकली, ओळी मी लिहिल्या, तुम्हाला शिव्या द्यायच्या तर मला द्या. चोर सोडून संन्याशाला फाशी देताय, असंही म्हणालो. सुपरवायझर म्हणाला, काका, फाशी कोणी देत नाहीये, फक्त सही हवी आहे. आणि त्याने पेन रखवालदारापुढे धरलं.

घड्याळात दहाला दहा कमी होते. सकाळपासून मी दोनदा फोन लावला होता, दोन्ही वेळा नुसता वाजून थांबला. म्हणजे बाई घरी येऊन झोपली होती. मी ताईकडे बघितलं. अडीचशे चित्रांत तिने एकाही माणसाला उठवलं नव्हतं.

"लाव फोन," ताई म्हणाली. "वाजू दे. उठव तिला."

मी फोन टेबलावर ठेवला आणि आवाज मोठा केला. पहिल्यांदा वाजून बंद पडला. पुन्हा लावला. रखवालदाराने पेन हातात घेतलं होतं. तिसऱ्या खेपेला झोपेने जड झालेला आवाज आला. मी भरभर काहीतरी बरळलो, तेव्हा ताईने फोन स्वतःकडे ओढला आणि सांगितलं की बाळा, तुला उठवलं याबद्दल माफ कर, काल जे चित्र आलं ते उघडून त्याच्याखाली काय लिहिलंय ते वाचून दाखव, एका माणसाच्या नोकरीचा प्रश्न आहे. पलीकडे कसलाही प्रश्न आला नाही. चपला घासल्याचा आवाज, ड्रॉवर उघडल्याचा, मग चिकटपट्टी फाडल्याचा. माझी पार्सलं मी जरा जास्तच घट्ट बांधतो. त्या दिवशी मी माझ्या हातांना शिव्या घातल्या.

मग ती वाचायला लागली, हळूहळू, अक्षर लावत.

"अकरा मार्च. सकाळी नऊ वीस. उजेड डावीकडून. गोदामाचा रखवालदार. कामाची वेळ आठला संपली. बदली माणूस अजून आलेला नाही. फाटक सोडून गेला नाही." ती थांबली. "आणि शेवटी लिहिलंय, उठवले नाही."

मालकाने नाक पुसलं आणि हजेरीची वही मागवली. त्याने स्वतः पानं उलटली. अकरा मार्चला सकाळच्या माणसाची सही होती, आणि सहीपुढे वेळ, त्याच्याच हातची: नऊ पन्नास. मालकाने बोट पुढे सरकवलं. बारा मार्च, नऊ पाच. तेरा मार्च, नऊ चाळीस. वही त्याने सुपरवायझरच्या पुढ्यात ढकलली. आम्ही हे आत्ता लिहून आणलं म्हणायलाही जागा नव्हती, चित्र तीनशे किलोमीटरवर एका अनोळखी बाईच्या हातात होतं. सुपरवायझरने तो कागद घडी घालून खिशात ठेवला. मालक रखवालदाराला म्हणाला, "बारा तास झाल्यावर पुढे बसून राहायचं ते कोणाच्या सांगण्यावरून?" तो म्हणाला, "फाटक उघडं टाकून कसं जाणार साहेब."

माझा जीव भांड्यात पडला. चार न विकलेल्या खुर्च्यांपैकी एकीवर मी टेकलो. फोन अजून चालू होता. नर्स विचारत होती, राहिली का नोकरी? रखवालदार फोनपाशी वाकला आणि त्याने सांगितलं, राहिली ताई, तुम्ही झोपा आता. त्या वाक्यावर तो सुपरवायझरसुद्धा हसला.

नर्सने पट्टीसकट चित्राचा फोटो काढून पाठवला आणि मगच झोपली. मी तिथेच खुर्चीत बसून तो पेजवर टाकला, उभाच्या उभा, दोन्ही बाजूंना पांढरं सुटलेलं. खाली लिहिलं की शनिवारी मी अर्धंच चित्र दाखवलं आणि वर फाजीलपणा केला, खरं काय ते चित्राखाली वाचा, चूक चित्रकाराची नाही आणि रखवालदाराची तर मुळीच नाही. अकरा हजारांपैकी बाराशे लोकांनी ते बघितलं. माफीला हशाइतकं गिऱ्हाईक नसतं. पण जे आले त्यांनी पट्टी वाचली, हे कळत होतं, कारण लोक इतर चित्रांच्या पट्ट्या मागायला लागले. शिंप्याचं किती वाजता होतं, त्या म्हातारीला शेवटी कोणी उठवलं. त्या आठवड्यात सोळा चित्रं गेली. त्यातली नऊ रात्रपाळीवाल्यांनी घेतली.

गोदामातून आम्ही ताईच्या घरी आलो. तिने चहा ठेवला. मी खिडकीपाशी बसलो, आता तिची माफी कशी मागायची याची जुळवाजुळव करत. पहिलं वाक्य तयारही झालं होतं. त्यानंतरचं मला आठवत नाही. डोळे उघडले तेव्हा चहावर साय धरली होती आणि ताई पलीकडे ब्रश धूत होती.

शुक्रवारी मी सकाळी लवकरच तिच्याकडे गेलो. आठ वाजून पाच मिनिटांनी दार वाजलं. रखवालदार होता. म्हणाला, तीन वर्षांत पहिल्यांदा बदली वेळेवर आली, आता घरी जाऊन करू काय असा प्रश्न पडलाय. त्याची बायको लॉन्ड्रीत दिवसाचं काम करते. ती निघते आणि तो पोचतो. आता अर्ध्या तासाची गाठ पडेल, असं तो सांगत होता. तिला काल संध्याकाळी ते चित्र दाखवलं तर बराच वेळ बघत बसली आणि म्हणाली, मी तुम्हाला झोपलेलं कधी बघतच नाही हो. नर्सला विचारून त्याच चित्राची एक मोठी प्रत मी त्याच्यासाठी काढून देणार आहे, पट्टीसकट.

मग त्याने हात पुढे केला.

"किल्ली द्या बाई."

ताईने डब्यातून काढून दिली. त्याने ती रुमालात गुंडाळली, खिशात ठेवली, वरून एकदा चाचपली आणि जिना उतरून गेला.

तो गेल्यावर ताईने वाळत ठेवलेलं एक चित्र माझ्या हातात दिलं आणि म्हणाली, हे उद्याच्या पोस्टसाठी. खिडकीपाशी एक टकल्या माणूस, तोंड उघडं, चष्मा नाकावर घसरलेला, एक हात टेबलावर, दोन बोटं कात्री धरल्यासारखी. शेजारी चहाचा कप. मी भांडायच्या तयारीत होतो, की माझं पोट एवढं नाही. मग खाली बघितलं.

गुरुवार. सकाळी अकरा पंचवीस. उजेड उजवीकडून. धाकटा भाऊ. रात्रभर जागा होता. उठवले नाही.

काळा पुठ्ठा मी त्याच दिवशी पार्सलांच्या पाठी लावायला कापून टाकला. चित्र शनिवारी साडेसातला पेजवर टाकलं, पूर्ण. खाली एक अक्षरही लिहिलं नाही.